औषध दोन दिवसांत निघून जातं, मग गणित कशाला?

भाऊ, तुमचे आक्षेप दोन आहेत. फवारणीचं औषध दोन दिवसांत लघवीवाटे निघून जातं, तेव्हा शरीरात त्याचा माग काढणारं कॉम्प्युटरचं गणित फुकटचं. आणि ते गणित ७० किलोच्या गोऱ्या माणसावर बेतलेलं, आपल्या मजुराला लागूच नाही.

पहिलं बरंचसं खरं आहे. मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस ही कीटकनाशकं शरीरात फार दिवस राहत नाहीत. पण जाण्याआधी ती कोलिनेस्टरेज नावाचं एन्झाइम निकामी करतात, ज्याच्यावर आपल्या नसांचं काम चालतं. तांबड्या पेशींतलं हे एन्झाइम दिवसाला साधारण १ टक्काच भरून येतं. आता पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या, फवारण्या आठवा. मजूर आज एकाच्या वावरात, उद्या दुसऱ्याच्या. औषध तेवढंच असतं, सोसायची ताकद मात्र दर खेपेला कमी झालेली असते. म्हणून ‘आजवर काही झालं नाही’ यावर मी विसंबत नाही. गणितात औषध किती उरलं आणि एन्झाइम किती उरलं, हे दोन हिशेब वेगळे चालतात. कॅलिफोर्नियात तांबड्या पेशींतलं एन्झाइम हंगामाआधीच्या पातळीच्या ७० टक्क्यांवर आलं की त्या माणसाचं फवारणीचं काम थांबवतात, ८० टक्क्यांवर गेल्याशिवाय परत लावत नाहीत. ही तपासणी आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात व्हायलाच हवी.

दुसरं. वजन, घाम, रक्ताचा वेग हे आकडे बदलता येतात. ४५ किलोच्या बाईचंही गणित मांडता येतं. खरा प्रश्न औषध कुठून शिरतं हा आहे. १९७१ साली मायबॅक या संशोधकानं आणि सहकाऱ्यांनी माणसांच्या कातडीवर पॅराथिऑन हे कीटकनाशक लावून मोजलं: कोपराखालच्या हातातून सुमारे ९ टक्के आत गेलं, कपाळातून ३६, अंडकोषाच्या कातडीतून जवळपास सगळं. पाठीवरचा गळका पंप काय भिजवतो? पाठ, कंबर आणि तिथून खाली चड्डीपर्यंत. नुसते मास्क वाटून हे कसं थांबेल? २०१७ साली यवतमाळात पऱ्हाटी डोक्याएवढी झाली होती, फवारा थेट तोंडावर येत होता. २० हून जास्त माणसं गेली.

तुम्ही विचारायला हवा होता तो प्रश्न मिश्रणाचा. सायपरमेथ्रिन या दुसऱ्या कीटकनाशकाला मोडणारी काही एन्झाइमं शरीरात असतात; प्रोफेनोफॉस त्यांनाच अडवतं, आणि ही दोन्ही औषधं एकाच बाटलीत विकली जातात. त्यात मजूर तिसरं, चौथं ओततो, तिथं गणित तोकडं पडतं. तुमच्या गावात एका टाकीत काय काय मिसळतात, तेवढं लिहून कळवाल का?