खुलासा : घरी गोरबोली बोलल्याने मराठी बिघडत नाही
गोरबोली, म्हणजे बंजारा समाजाची भाषा, ही मराठीचेच अशुद्ध रूप असून ती घरात बोलल्यास मुले शाळेत मागे पडतात, असा संदेश सध्या नांदेड-हिंगोलीकडच्या तांड्यांवर फिरत आहे. ही दोन्ही विधाने चुकीची आहेत. भाषाशास्त्रात गोरबोली राजस्थानी गटात मोडते आणि २०११ च्या जनगणनेत तिची नोंद ‘लमाणी/लंबाडी’ या नावाने, तीही मराठीखाली नव्हे, हिंदीखाली आहे. भाषिक अल्पसंख्याक मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावे, असे संविधानाचे कलम ३५०क सांगते. मी स्वतः याडीकडे (आईकडे) ‘बाटी’ मागत आणि पाटीवर ‘भाकरी’ लिहीत वाढलो. पहिलीत अडखळलो, तो वर्गात आमचा शब्द कुणालाच ठाऊक नसल्यामुळे. कृपया हा संदेश पुढे पाठवू नये. पाठवला असल्यास त्याच गटात हा खुलासा टाकावा.