‘ढेकणांचा कसला आलाय इतिहास?’ या प्रतिक्रियेला उत्तर

दादा, सोलापूरच्या जुन्या टॉकीजवरच्या माझ्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया नीट वाचली. बाकीच्यांनी ‘मस्त, जुने दिवस आठवले’ असं लिहिलंय, त्यांचे आभार, पण तुम्ही भांडलात म्हणून तुम्हाला लांब उत्तर देतोय.

तुमचं म्हणणं थोडक्यात असं की थेटरांचा इतिहास असतो तो मुंबई-पुण्याचा, सोलापूरच्या टॉकीजमध्ये ढेकूण, मुतारीचा वास आणि ब्लॅकवाले एवढंच होतं, मालकांनी घाण ठेवली म्हणून पब्लिक टीव्हीकडं गेलं, थेटरं मेली आणि झालं ते चांगलंच झालं.

ढेकूण होते. आमची आत्या पिक्चरहून आली की आधी मोरीत जाऊन साडी झटकायची, मग घरात. खांबामागची सीट मिळाली तर हिरॉईनचा अर्धाच चेहरा दिसायचा. ब्लॅकवाल्यांची दादागिरी होती आणि बायकांच्या रांगेतसुद्धा धक्काबुक्की व्हायची. यातलं काहीच मी नाकारत नाही. माझं भांडण तुमच्या ‘म्हणून’शी आहे. घाण होती म्हणून थेटरं मेली हा हिशोब उलटा आहे, आणि तो सगळीकडं इतक्या सहज बोलला जातो की थेटर कुणी मारलं हे कुणी विचारतच नाही.

आधी इतिहासाचं बोलू. 1896 ला मुंबईत वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंचा हलत्या चित्रांचा खेळ झाला, 1913 ला कॉरोनेशनला ‘राजा हरिश्चंद्र’ लागला, 1931 ला मॅजेस्टिकला ‘आलम आरा’ बोलला, या तारखा सगळ्यांना पाठ असतात. पण या झाल्या पहिल्या दिवसाच्या तारखा. सिनेमाचा धंदा पहिल्या दिवसावर चालत नाही, तो रोज संध्याकाळी खिशात चार पैसे घेऊन येणाऱ्या माणसावर चालतो, आणि असा माणूस प्रत्येक गावात नव्हता. शेतावर राबणाऱ्याच्या हातात पैसा यायचा तो सुगीनंतर, म्हणून खेड्यात सिनेमा जत्रेला यायचा, तंबूत, आणि जत्रा उठली की तंबूही उठायचा. कायमचं पक्कं थेटर उभं राहायला तीन गोष्टी लागतात, फिल्मची पेटी वेळेवर यायला रेल्वे, वीज, आणि ठरलेल्या तारखेला रोख पगार घेणारी हजारो माणसं. सोलापुरात रेल्वे आली 1860 ला, जुनी गिरणी निघाली 1877 ला, मग नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू. भोंग्यावर चालणारं गाव होतं हे. तीन-सहा-नऊचे खेळ असलेलं थेटर अशाच गावात टिकतं, पाळी सुटली की माणूस मोकळा, आणि पगाराच्या आठवड्यात साधं पिक्चरपण हाऊसफुल्ल.

आणि मुंबई-पुण्याच्या इतिहासात जे सापडणार नाही ते म्हणजे आपली भाषांची सरमिसळ. तेलंगणातून विणकामाला आलेली पद्मशाली मंडळी, अक्कलकोट बाजूची कानडी बोलणारी माणसं, मराठी, उर्दू, सगळे एकाच गिरणीत, आणि संध्याकाळी प्रत्येकाला आपलं पिक्चर पाहिजे. महाराष्ट्रातल्या शहरात तेलुगू पिक्चर तेलुगूतच लागतंय, पोस्टरवर तेलुगू अक्षरं आहेत आणि खाली विड्या वळणाऱ्या बायकांची तिकिटाला रांग लागलीय, हे दुसरीकडं कुठं बघितलंय तुम्ही? विड्यांचा हिशोब हजारावर व्हायचा, माल कारखान्यात दिला की पैसे बाईच्या स्वतःच्या हातात. नवऱ्याला न विचारता स्वतःच्या पैशानं तिकीट काढणारी बाई त्या काळी किती गावांत होती? त्या धक्काबुक्कीच्या रांगेत ती तरीही उभी राहायची. का उभी राहायची, हा मला इतिहासाचा प्रश्न वाटतो.

तुम्ही थेटरांना ‘गोदामं’ म्हणालात. तशी ती दिसायची त्यालाही कारण आहे. जुनी फिल्म नायट्रेटची असायची आणि ती एकदा पेटली की पाण्यानं विझत नाही, जळायला लागणारा ऑक्सिजन तिच्यातच असतो. म्हणून 1918 च्या कायद्यापासूनच थेटरचं लायसन मुख्यतः आगीच्या भीतीनं ठरायचं. ऑपरेटरची खोली वेगळी, जाड भिंतींची, भिंतीला छोटी भोकं आणि त्यावर पडणारी लोखंडी झाकणं, वाळूच्या बादल्या, हॉलला दोन्ही बाजूंनी बाहेर उघडणारे दरवाजे. 1950 च्या सुमाराला न पेटणारी सेफ्टी फिल्म आली पण इमारती तोवर बांधून झाल्या होत्या.

आणि त्या खोलीतल्या माणसाबद्दल तर कुणीच लिहीत नाही. सोळा रिळांचं पिक्चर म्हणजे तीन तासांच्या आसपास, हजार फुटाचं एक रीळ जेमतेम अकरा मिनिटं. दोन मशीन शेजारी शेजारी. एकावरचं संपत आलं की पडद्याच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात गोल ठिपका यायचा, तो दिसला की दुसऱ्या मशीनची मोटर सुरू, काही सेकंदांनी दुसरा ठिपका, त्याच क्षणी इकडचा उजेड बंद आणि तिकडचा चालू, खाली पब्लिकला कळायलासुद्धा नाही पाहिजे. उजेड म्हणजे बल्ब नव्हे, दोन कार्बनच्या कांड्यांमध्ये पेटलेली ठिणगी. कांड्या जळून आखूड व्हायच्या तसं त्यांचं अंतर सारखं सारखं बघत बसायचं, नाहीतर पडदा पिवळट पडायचा आणि खालून शिट्ट्या. सोलापूरचा मे महिना, पत्र्याखालची ती खोली, त्यात हे कार्बन. त्या माणसानं आयुष्यभर हे केलं आणि त्याच्या नावाचा कुठं बोर्डसुद्धा नाही.

आता मरण्याचं. टीव्हीनं मारलं म्हणता, पण मुंबई दूरदर्शन 1972 चं, कलर 1982 चा, ‘रामायण’ 1987-88 ला. त्यात व्हिडिओ सेंटरं निघाली. थेटरांना यानं फटका बसला, तरी ती उभी होती. मग काय झालं ते बघा. जुनी गिरणी साठच्या दशकातच बंद पडलेली, नव्वदच्या दशकात लक्ष्मी-विष्णू पण गेली. ठरलेल्या तारखेला पगार घेणारा माणूसच कमी झाला. पॉवरलूम होते, विड्या होत्या, पण गिरणीच्या पगाराची ती खात्री नव्हती.

त्यात करमणूक कर. कायदा 1923 चा, इंग्रजांचा, आणि आपल्या सरकारनं तो सोडला नाही, वाढवत नेला. मल्टिप्लेक्स यायला लागले त्या काळात दर होता मूळ तिकिटावर 45 टक्के. म्हणजे समजा मूळ तिकीट 20 रुपये, त्यावर 9 सरकारचे, पब्लिकनं मोजायचे 29. त्या 20 मधले निम्मे किंवा जास्त डिस्ट्रिब्युटरचे, नवं पिक्चर पाहिजे तर आधीच मिनिमम गॅरंटी, म्हणजे पिक्चर चालो न चालो ठरलेली रक्कम, मोजायची. जे हातात राहील त्यात वीज, डोअरकीपर, ऑपरेटर, झाडलोट. आणि पिक्चर तरी नवं मिळायचं का? एक प्रिंट काढायला पन्नास-साठ हजार रुपये खर्च, त्यामुळं प्रिंटा मोजक्या, त्या आधी मोठ्या शहरात फिरणार आणि आपल्याकडं येणार तेव्हा रेघा पडलेल्या. तोवर केबलवाल्यानं तेच पिक्चर दाखवून टाकलेलं.

आणि मग 2001 ला सरकारनं मल्टिप्लेक्सला सूट दिली, पहिली तीन वर्षं करमणूक कर पूर्ण माफ, पुढची दोन वर्षं फक्त पाव कर. एसी, कार्पेट, नवं स्क्रीन, त्याला कर नाही. आणि फाटक्या सीटवाल्या जुन्या टॉकीजनं 45 टक्के भरायचे. सांगा आता, त्या मालकानं सीट कशातून बदलायच्या? काही मालक लोभी होते, आहेच ते, काहींनी जागेच्या भावावर डोळा ठेवून मुद्दाम थेटर सडू दिलं असणार. पण घाण हा आजार नव्हता दादा, आजाराचं लक्षण होतं. ज्या धंद्यातून दुरुस्तीपुरताही पैसा उरत नाही तिथं ढेकूणच राहणार.

डिजिटल आलं तेव्हा वाटलं होतं सुटका झाली. पेटी नको, सॅटेलाइटवरून पिक्चर येणार, शुक्रवारी मुंबईला तेच शुक्रवारी बार्शीला. रेघा गेल्या, उशीर गेला, हे खरंच मोठं काम झालं. पण तोवर सोलापूरच्या भागवत टॉकीजच्या आवारात एकाशेजारी एक असलेल्या थेटरांसमोर जी गर्दी सांडायची ती पांगली होती. गेंट्याल हे टॉकीजचं नाव आता नवीन पोरांना चौकाचं म्हणून माहीत.

‘चांगलंच झालं’ हे तुमचं वाक्य मला सगळ्यात जास्त लागलं. कुणाचं चांगलं झालं? तुमचं-माझं झालं असेल, आपण दीडशेचं तिकीट काढतो. लूमवरच्या माणसाचं पाच जणांचं घर धरलं तर साडेसातशे झाले, समोसा न खाता. तो मोबाईलवर बघतो हे खरंय. पण जुन्या थेटरात तो खाली थर्डला आणि त्याचा शेठ वर बाल्कनीत, वेगवेगळ्या दारानं आले तरी एकाच खेळाला होते. आता शेठ आहे, तो नाहीये. मला याचा राग येतो आणि मी तो लपवणार नाही.

तरी सगळं संपलं असं मी लिहिलेलं नाही, तुम्ही तसा अर्थ काढलात. 22 सप्टेंबर 2025 पासून 100 रुपयांपर्यंतच्या तिकिटाला जीएसटी 5 टक्के आहे, त्याहून महाग तिकिटाला 18. कर पहिल्यांदा स्वस्त तिकिटाच्या बाजूनं एवढा झुकलाय. शे-दोनशे सीटचा साधा स्वच्छ हॉल, 80-90 रुपये तिकीट, तेलुगू-मराठी-हिंदी आलटून पालटून, हे सोलापुरात चालू शकतं असं माझं ठाम मत आहे. हेच वीस वर्षांपूर्वी केलं असतं तर किती थेटरं वाचली असती.

शेवटी तुम्ही लिहिलंय, ‘माझे वडील डोअरकीपर होते, मला शिकवू नका.’ नाही शिकवत. उलट मला त्यांच्याशी बोलायचंय. थेटर बंद झालं तेव्हा कामगारांच्या हातात काय पडलं, फंड मिळाला का, पुढं कुठं कामाला लागले, बायकांच्या रांगेवर कोण उभं राहायचं, हे त्यांच्याइतकं कोण सांगणार? त्यांची तयारी असेल तर कळवा, रविवारी घरी येतो. त्यांचं म्हणणं माझ्या विरोधात गेलं तरी जसंच्या तसं छापीन, नाव घालायचं की नाही ते त्यांनी ठरवावं.