चार कोंबड्यांचं घर: आधी छप्पर, मग बाकी सगळं

गोव्यात परसात कोंबड्या पाळायचं ज्यांच्या मनात आहे, त्यांना माझी कळकळीची विनंती आहे. ऑनलाइन मिळतं ते लाकडी, रंगवलेलं, बंगलीसारखं दिसणारं खुराडं मागवू नका. फोटोत गोड दिसतं, मान्य. पण ते आपल्या हवेसाठी केलेलंच नाही.

थंड मुलखात कोंबड्यांची ऊब आत धरून ठेवायची असते. तिथे ठेंगणी, चारही बाजूंनी फळ्या मारलेली पेटी खपून जाते. आपल्याकडे कोंबडीला थंडीचा त्रास नाही. तिला त्रास एप्रिल-मेच्या उकाड्याचा आणि त्यानंतरच्या चार महिन्यांच्या ओलीचा. कोंबडीला घाम येत नाही. पारा बत्तीस-तेहेतीसच्या वर गेला की चोच उघडी टाकून, पंख अंगापासून लांब धरून ती धापा टाकायला लागते. अशा वेळी बंद पेटीत तिचं काय होत असेल? आणि पावसाळ्यात वर्षाचा 3000 मिलिमीटरच्या आसपासचा पाऊस बहुतेक जून ते सप्टेंबरात कोसळतो. त्या पातळ फळ्या फुगतात, दार चौकटीत अडकतं, खालचा ट्रे बाहेर ओढता येत नाही आणि उरलेलं काम वाळवी करते.

मी डिचोलीत राहते. आमच्या भागात जुन्या घरांची कौलं उतरवून स्लॅब घालायचं काम सतत कुठेतरी चालूच असतं. त्यामुळे परसाच्या कोपऱ्यात मंगळुरी कौलांच्या थप्प्या आणि उरलेले चिरे हमखास सापडतात. माझ्या मते कोंबड्यांचं सगळ्यात चांगलं घर त्यातूनच उभं राहतं. खाली चिऱ्यांचा दीड-दोन फुटांचा जोता, आत उतार दिलेला सिमेंटचा कोबा, वर जाळीच्या भिंती आणि त्यावर दोन्ही बाजूंना निदान दोन फूट बाहेर आलेलं कौलारू छप्पर. पत्रा चालतो, पण मे महिन्यात त्याच्याखाली तुम्ही स्वतः दहा मिनिटं उभे राहून बघा, मग ठरवा. कौलांखालीही जाळी मारायला विसरू नका. सैल कौल सरकवून उंदीर आत येतात आणि उंदरांच्या मागून नाग येतो.

दिशेचं कुणी बोलत नाही, पण निम्मं काम दिशाच करते. लांबट घर पूर्व-पश्चिम बांधायचं, म्हणजे सकाळ-संध्याकाळचं तिरपं ऊन फक्त अरुंद बाजूंवर पडतं. पावसाची झड आपल्याकडे पश्चिम-नैऋत्येकडून येते. म्हणून पश्चिमेची ती अरुंद भिंत चिऱ्यांची, वरपर्यंत बंद करायची. दक्षिणेच्या जाळीला पावसाळ्यापुरते माडाच्या चुडतांचे झाप बांधायचे, तेही वरची वीतभर जागा मोकळी सोडून. ही वीतभर जागा फार मोलाची आहे. विष्ठेतला अमोनिया आणि दमट हवा तिथूनच बाहेर जाते. प्लॅस्टिकची ताडपत्री लावून सगळं गच्च बंद केलेली खुराडी मी बघते तेव्हा जीव तुटतो. आत पाऊस जात नाही, पण कोंबड्या शिंकत असतात.

हवा पुरते की नाही, हे बघायची रीत सोपी आहे. भर पावसाळ्यात सकाळी दार उघडण्याआधी गुडघ्यावर बसा, नाक जमिनीपासून हातभर उंचीवर न्या आणि श्वास घ्या. उभ्या माणसाला जो वास जाणवत नाही तो तिथे डोळ्यांत झोंबतो. झोंबला तर वर मोकळी जागा वाढवा आणि खालचं तूस बदला. तूस हातात घेऊन मूठ आवळायची. मूठ उघडल्यावर ते भुरभुरत सुटलं तर ठीक. गोळा तसाच राहिला तर ओल जास्त झाली आणि अशा ओल्या तुसातच रक्ती हगवण वाढते. आपल्या भागात भाताची गिरण शोधावी लागत नाही, त्यामुळे तूस बदलताना हात आखडता घेऊ नका.

जाळीबद्दल स्पष्ट सांगते. षटकोनी डोळ्यांची कोंबडी-जाळी कोंबडीला आत ठेवते, मुंगसाला बाहेर ठेवत नाही. भटकं कुत्रं ती दातांनी फाडतं. अर्ध्या इंचाची वेल्डमेश, म्हणजे सांधे वेल्डिंगने जोडलेली ताठ चौकोनी जाळी, महाग पडते, तरीही तीच घ्या. पैसे वाचवायचेच असतील तर रंगात वाचवा. दाराला नुसता आकडा नको, खाली-वर दोन कड्या हव्यात. उदमांजर रात्री येतं आणि सैल दाराची फट त्याला बरोबर सापडते.

विक्रेते "सहा कोंबड्यांसाठी" म्हणून जे विकतात, त्यात सहा कोंबड्या उभ्या राहतील, जगणार नाहीत. आत एकीला चार चौरस फूट आणि बाहेर जाळीच्या अंगणात दहा, असा हिशेब धरा. म्हणजे चौघींना सोळा चौरस फुटांचं घर आणि चाळीस चौरस फुटांचं अंगण. उंची मात्र तुमच्या मापाची हवी. ज्या घरात माणसाला केरसुणी घेऊन उभं राहता येत नाही, ते घर झाडलं जात नाही. बसायची दांडी दीड-दोन इंच रुंद, एकीला आठ-दहा इंच जागा आणि अंडी घालायच्या खोक्यापेक्षा उंच. खोकं उंच असलं तर त्या रात्री त्यातच झोपतात आणि अंडी माखतात. चार कोंबड्यांना फूटभर लांबी-रुंदीचं एक खोकं पुरतं.

माडाखाली घर बांधू नका. नारळ पडतो, चुडत पडतं, कौलं फुटतात. चिकूची नाहीतर आंब्याची सावली बरी.

शहरगावात शेजार महत्त्वाचा. अंड्यांसाठी कोंबडा लागत नाही, तेव्हा पहाटेची बांग टाळता येते. घर शेजाऱ्यांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीपासून लांब घ्या आणि आधी त्यांच्या कानावर घाला. श्रावणात आमच्या घरी अंडी चालत नाहीत. तेव्हाची सगळी अंडी पलीकडच्या ख्रिस्ती मावशींकडे जातात आणि त्यांच्या सुपारीच्या झाडांना आमचं जुनं तूस लागतं.

गावठी घ्यायची की वनराज, गिरिराज अशा सुधारित जातीची, हे नंतर ठरवा. वनराज, गिरिराज अंगाने मोठ्या असतात, त्यांना दांडी थोडी खाली लागते, एवढं लक्षात असू द्या. पिल्लं आणण्याआधी घर पूर्ण झालेलं हवं. "तोवर डालग्याखाली ठेवू" म्हणून आणलेली पिल्लं पहिल्या पावसात गारठतात. मे महिन्यात गवंडी आणि सुतार सगळ्यांनाच हवे असतात, त्यामुळे होळीच्या आसपास काम काढा. कुणाला मापं हवी असतील तर कमेंटमध्ये सांगा, कागदावर काढून फोटो टाकते. डिचोलीत कधी आलात तर टेप घेऊन थेट परसातच या.