नाना पेठेत अधांतरी

"उपोषण आहे का?" असं मला आजवर कोणी विचारलं नव्हतं. परवा गुरुवारी, भर दुपारी, नाना पेठेतल्या एका दुकानाच्या दारात जमिनीपासून तीन फूट वर उभा असताना विचारलं. विचारणाऱ्या गृहस्थांच्या चेहऱ्यावर चेष्टेचा मागमूस नव्हता. त्यांना खरोखरच माहिती हवी होती. मी म्हणालो, "नाही हो, मी नुसता उभा आहे." तर म्हणाले, "तेच म्हणतो, किती वेळ उभे राहणार? खुर्ची मागून घ्या."

मला मोटरसायकलचा रॅम्प घ्यायचा होता. सर्व्हिसिंगला दिलेली गाडी ज्या लोखंडी टेबलावर चढवून कमरेएवढी वर घेतात, ते टेबल. घराखालच्या पार्किंगमध्ये माझं छोटंसं वर्कशॉप आहे. एक वाइस, पान्यांचा बोर्ड, अधूनमधून मनावर घेणारी ट्यूबलाइट, आणि एक जुनी बुलेट. बिडाच्या इंजिनाची, उजव्या पायात गिअर असलेली, पावणेदोनशे किलोच्या घरातली. ही गाडी ज्या इंग्रजांनी आखली ते बहुधा आडवे पडूनच काम करत असावेत. डाव्या अंगाच्या चेनकेसचं अख्खं झाकण मधल्या एकाच नटावर बसवलंय. नट सैल राहिला तर तेल गळतं, आणि जीव लावून आवळला तर झाकण किंचित वाकतं आणि मग तेल गळतं. तो खोलायचा तर आधी फूटरेस्ट काढा, मग ब्रेकचं पॅडल काढा (गिअर उजवीकडे, म्हणून ब्रेक डावीकडे), आणि हे सगळं घोट्याच्या उंचीवर. माझ्या कमरेच्या मणक्यातली एक चकती जागची हलली आहे. डॉक्टरांनी उकिडवं बसायला मनाई केलीय. बुलेट विकून टाका असंही ते म्हणाले होते, पण तो त्यांचा विषय नाही.

तर रॅम्प. आपल्याकडे धंद्यासाठी काहीही मिळतं, हौसेसाठी साधं कोटेशन मिळत नाही. नेटवर एकदा चौकशी टाकली आणि फोन सुरू झाले.

"फर्मचं नाव?"

"फर्म नाही. घरी हवाय."

"अच्छा, गॅरेज घरीच आहे."

"गॅरेज नाहीये. माझ्या स्वतःच्या गाडीसाठी."

"किती गाड्या असतात सर?"

"एक."

"रोजची एक?"

"एकूण एक."

यावर पलीकडे थोडा वेळ शांतता, आणि मग "आमचे सर तुम्हाला कॉल करतील." ते सर अजून करतायत. त्यांच्याऐवजी कंप्रेसरवाल्यांनी केला, टायर चेंजरवाल्यांनी केला, आणि एका बाईंनी पापडाच्या मशिनसाठी केला. त्या बाई सगळ्यांत भल्या निघाल्या. त्यांनी न विचारता किंमत सांगितली. भोसरीतल्या एका फॅब्रिकेटरनं "बनवून देतो की" म्हटलं, पण डिझाइन मी आणायचं होतं, सिलिंडरही मी आणायचा होता. मग त्याचं काय, असं विचारल्यावर म्हणाला, "वेल्डिंग."

म्हणून नाना पेठ. गाडीचा कुठलाही पार्ट तिथे मिळतो, हा पुणेकरांचा विश्वास आहे आणि तो बराचसा खरा आहे. एका दुकानाच्या दारातच रॅम्प मांडलेला दिसला. सातेक फूट लांब, दोन-सव्वादोन फूट रुंद, चेकर्ड प्लेटचा, खाली कात्रीसारखे पाय, बाजूला एक हॉर्सपॉवरची मोटर आणि तेलाची टाकी. मी भाव विचारला. शेठ म्हणाले, "साहेब, आधी डेमो तर बघा. गाडी आणलीय?" मी रिक्षानं आलो होतो. "मग तुम्हीच चढा."

चढलो. पोऱ्यानं बटण दाबलं. मोटर घरघरली आणि मी वर जायला लागलो. खालून ठरावीक अंतरानं लॉक पडल्याचा खट् खट् आवाज येत होता. कानाला फार बरं वाटत होतं. रॅम्पमध्ये तेल फक्त उचलण्यापुरतं असतं. कधीकाळी सिलिंडरचं सील फाटलं तर गाडी खाली, आणि तिच्याखाली आपली बोटं. म्हणून उचलायचं तेलानं आणि धरायचं पोलादानं. उंचीवर पोचलं की टेबल किंचित खाली सोडून त्या पोलादी दात्यावर टेकवायचं. उतरवताना आधी इंचभर वर घ्यायचं, दात्यावरचा भार काढायचा, लॉकची दांडी ओढायची आणि मग व्हॉल्व्ह सोडायचा. हे सगळं शेठनी मला समजावून सांगितलं. टेबल तीन फुटांवर दात्यावर टेकलं, मी "वा!" म्हणालो, आणि लाइट गेली.

म्हणजे आता वर घेता येत नाही, आणि वर घेतल्याशिवाय खाली येत नाही.

"हॅण्डपंप आहे साहेब, काळजी नको," शेठ म्हणाले. फक्त हॅण्डपंपाचा दांडा गोडाऊनला होता. पोऱ्या सायकल काढून गेला. जाता जाता शेठनी सांगितलं, "मधेच उभे राहा, कडेला येऊ नका. खाली बोल्ट मारलेले नाहीत, कलंडेल." आणि ते फोनवर बोलायला आत गेले.

अशा वेळी हे काका आले. पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशाला दोन पेनं, एका हातात पासबुक, दुसऱ्या हातात कापडी पिशवी आणि पिशवीतून बाहेर डोकावणारा शेपू. बँकेतली लाइटही गेली होती, पासबुक भरायचं मशिन बंद होतं, त्यामुळे त्यांच्याकडे वेळ होता. सगळा वेळ त्यांनी मला दिला.

"उपोषण नाही म्हणता, मग काय?"

"रॅम्पचा डेमो चालला होता. लाइट गेली."

"गुरुवारी?" ते म्हणाले. "गुरुवारी कोणी वर चढतं का?"

पुण्यात दुरुस्तीसाठी लाइट जायचा वार गुरुवार, हे मलाही माहीत आहे. पण माणसानं गुरुवारी जमिनीवरच राहावं असं कुठे लिहिलंय?

"उतरा की उडी मारून. तीन फूट म्हणजे काय हो? आम्ही डेक्कनला वळणावर चालत्या पीएमटीतून उतरायचो."

"कंबर दुखते. शिवाय हे कलंडतं म्हणतात."

"काही कलंडत नाही."

"मग तुम्ही वर येऊन बघा."

"मी कशाला येऊ? माझं खाली व्यवस्थित चाललंय."

उडी मारायची तर कुठे, हाही प्रश्न होता. एका अंगाला उघडे क्रँककेस रचलेले, दुसऱ्या अंगाला चहाचे ग्लास आणि एक कुत्रं. कुत्रं नेमकं माझे पाय टेकले असते तिथे झोपलेलं. काकांनी त्याला "हाड्" केलं. त्यानं एक डोळा उघडला, काकांना बघितलं आणि मिटला.

एव्हाना माणसं थांबायला लागली होती. आपल्याकडे नुसतं वर बघत उभं राहिलं तरी चार जण जमतात, इथे तर प्रत्यक्ष माणूस होता.

"वजन किती तुमचं?" काका.

"अठ्ठ्याऐंशी."

"दिसतंय. ओ शेठ, कपॅसिटी किती याची?"

"पाचशे किलो," आतून आवाज आला.

काकांनी मनात हिशेब केला. "म्हणजे यांच्यासारखे अजून चार चढतील." आणि त्यांनी आजूबाजूला अशी नजर टाकली की पाठीवर जेवणाच्या ऑर्डरची पेटी घेतलेला एक पोरगा खरंच पुढे सरकला.

"आणि भाव काय?"

"पंचेचाळीस हजार. टॅक्स वेगळा."

इथे माझी खरी सटकली. हा आकडा ऐकण्यासाठी मी किती फोन घेतले, किती जणांना माझ्याकडे फर्म नसल्याची कबुली दिली, या शेठना किती वेळा विचारलं. आणि शेपूची जुडी घेऊन रस्त्यानं चाललेल्या, पासबुकापलीकडे काहीही काम नसलेल्या माणसाला तो एका हाकेत मिळाला!

"पंचेचाळीस!" काकांनी माझ्याकडेच रोखून बघितलं. "काय करणार याचं?"

"घरी गाडी दुरुस्त करणार."

"का? मेकॅनिक मेले का सगळे?"

"मला आवडतं स्वतः करायला."

"आवडतं," काकांनी जमलेल्या लोकांना सांगितलं. "यांना आवडतं."

गर्दीतला एक मेकॅनिक, हात कोपरापर्यंत काळे, गाळ्याच्या पायरीवर बसला होता. तो म्हणाला, "साहेब, याची काय गरज न्हाई. पोतं टाकायचं आन् खाली बसायचं. आमी तीस वर्षं बसतोय, काय झालं?" आणि चहा संपला म्हणून उठला. आधी एक हात पायरीवर, मग दुसरा गुडघ्यावर, मग दोन्ही गुडघ्यांवर, मग थोडं थांबून, तोंडानं "आई गं" म्हणत. चाळीस-पंचेचाळीसच्या पुढचा नसेल. कोणाच्या काही लक्षात आलं नाही, त्याच्याही नाही.

मला वरून ते सगळं दिसत होतं, आणि तेव्हापासून डोक्यात आहे. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये रॅम्प असतात, कारण काचेच्या पलीकडून गिऱ्हाईक बघत असतं. रस्त्यावरच्या गॅरेजात रॅम्पचे पंचेचाळीस हजार आणि पोतं फुकट, म्हणून पोतं. दहा-बारा वर्षांचा पोऱ्या असल्यापासून माणूस उकिडवा बसतो तो गुडघ्याच्या वाट्या झिजेपर्यंत, आणि मग तोच अभिमानानं सांगतो की गरज नाही. स्वयंपाकघरात ओटा आला तेव्हा खाली विळीवर बसून जन्म काढलेल्या बायकांना हेच ऐकवलं गेलं होतं, की उभ्यानं कसला स्वयंपाक करता! उभं राहून काम करणं म्हणजे लाड, ही आपली ठाम समजूत आहे. आणि स्वतःच्या हातानं काम करायचं आणि वर उभं राहून करायचं म्हणजे तर निव्वळ माज. साहेब असाल तर गाडी गॅरेजला द्या, मेकॅनिक असाल तर खाली बसा. यांच्या मधे, तीन फुटांवर, मी.

असो. काकांनी आता मोबाइल काढला होता. "जरा इकडे बघा." फोटो काढला. "ग्रुपवर टाकतो. आमच्यात एक इंजिनिअर आहेत."

इंजिनिअर ऑनलाइनच होते. "ते म्हणतात, व्हॉल्व्ह सैल करा."

"लॉक पडलाय. आधी इंचभर वर घ्यावं लागतं."

काकांनी एका बोटानं, एकेक अक्षर शोधत, हे टाइप केलं. 'इंचभर'वर बराच वेळ गेला. उत्तर आलं.

"ते विचारतात, चढले कशाला?"

मी काही बोललो नाही. काकांना दया आली असावी. त्यांनी माझी बाजू घ्यायचं ठरवलं, आणि ते जास्त वाईट होतं.

"ओ शेठ, पंचेचाळीस जास्त होतात. चाळीस करा."

"काका, राहू द्या, मी बोलतो," मी वरून म्हणालो.

"तुम्ही थांबा हो. अडकलेल्या माणसानं भाव करायचा नसतो." मग शेठकडे वळून, "बघा, बिचारे किती वेळ उभे आहेत. यांना घ्यावाच लागणार आहे."

मी आयुष्यात भाव करताना जी जी गोष्ट लपवायला शिकलो, ती या माणसानं एका वाक्यात जाहीर केली. शेठ फोन खाली ठेवून पहिल्यांदाच मनापासून हसले.

शेवटी पोऱ्या दांडा घेऊन आला. पंप मारायला लागला तसा मी आणखी इंचभर वर गेलो आणि दोघा-तिघांनी टाळ्या वाजवल्या. दांडी ओढली, व्हॉल्व्ह सुटला, आणि मी सावकाश, कमालीच्या सावकाश, खाली आलो. गर्दी पांगली. काकांनी खाली आल्यावर मला नीट न्याहाळलं, "उंच वाटला होता," असं म्हणाले आणि बँकेकडे गेले.

मी शेठना म्हटलं, एवढा वेळ लटकवलंत, काहीतरी कमी करा. ते चकित झाले. "साहेब, लॉक किती पक्का आहे ते बघितलंत ना? असा डेमो कोणाला मिळतो?"

दुःखाची गोष्ट अशी की लॉक खरंच पक्का होता. अठ्ठ्याऐंशी किलो एवढा वेळ उभे होते आणि टेबल सुईच्या टोकाइतकंही खचलं नव्हतं. मी घेतला.

लाइट नव्हती, म्हणून बिल हातानं लिहिलं. पंचेचाळीस हजार, त्यावर जीएसटी 18 टक्के. मग कळलं की हायड्रॉलिक तेल वेगळं. जमिनीत मारायचे बोल्ट वेगळे. पुढचं चाक धरणारा शिकंजा, ज्याच्याशिवाय बुलेट टेबलावरून सरळ माझ्या अंगावर येईल, ती 'अ‍ॅक्सेसरी'. टेम्पो वेगळा, आणि हमाली पार्टीनं द्यायची.

"फर्मचं नाव काय लिहू?"

मी माझं नाव सांगितलं. शेठनी पेन थोडा वेळ कागदावर धरून ठेवलं आणि नावाच्या जागी 'कॅश' लिहिलं. "असंच असतं साहेब."

"आणि वॉरंटी?"

"एक वर्ष. ज्या पार्टीच्या नावानं बिल, त्या पार्टीला."

म्हणजे वर्षभरात सिलिंडरचं सील गेलं, तर तक्रार घेऊन नाना पेठेत कॅश यांनी जायचं आहे.