पाच हजार प्रती आणि एक जुनी यादी

‘नव्या कराराची पाच हजारांवर ग्रीक हस्तलिखितं आहेत, त्यामुळे संशयवाद्याला पुनरुत्थान मान्य करावंच लागतं’ हे, येशू मरणातून परत उठला असं बायबलच्या आधारे सिद्ध करू पाहणाऱ्या एका लेखातलं वाक्य खटकलं. प्रतींच्या संख्येवरून एवढंच कळतं की मूळ मजकूर बऱ्यापैकी खात्रीने परत उभा करता येतो. त्यातलं खरं किती, हा वेगळा प्रश्न. शिवाय बहुतेक प्रती नवव्या शतकानंतरच्या. मँचेस्टरच्या रायलंड्स ग्रंथालयातला पी-५२ हा पपायरसचा तुकडा सर्वांत जुना मानतात. तो जेमतेम ९ बाय ६ सेंटिमीटरचा, त्यावर योहानाच्या शुभवर्तमानातल्या १८ व्या अध्यायातल्या मोजक्या ओळी. काळही अक्षरवळणावरून ठरवलेला, म्हणजे काही दशकं इकडेतिकडे सहज.

वजनदार पुरावा लेखात आलाच नाही: १ करिंथ १५:३-८, म्हणजे पौल या प्रेषिताच्या करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रातल्या ओळी. मरणानंतर येशूचं दर्शन कुणाकुणाला झालं, याची यादी त्यात आहे. पत्र साधारण इ.स. ५३-५५ चं, पण पौल तिथे मला मिळालं तेच तुम्हाला दिलं असं सांगतो, म्हणजे मजकूर त्याच्याही आधीचा. शेजारी त्याच्याच गलतीकरांना लिहिलेल्या पत्रातल्या ओळी (गलती १:१८-१९) ठेवून वाचा. तो यरुशलेमात केफाकडे, म्हणजे येशूचा शिष्य पेत्र याच्याकडे, १५ दिवस राहिला, येशूचा भाऊ याकोब यालाही भेटला. ही दोन्ही नावं दर्शनांच्या यादीत आहेत. ‘दंतकथा पुढे कधीतरी रचली’ हे म्हणणं इथे अडतं. दर्शन नेमकं कशाचं, हे मात्र यातून ठरत नाही. आणि रिकाम्या कबरीचा उल्लेख या ओळींत नाही, फक्त ‘पुरला गेला’ आहे. (पहिल्या शतकातला यहुदी इतिहासकार जोसेफस याच्या यहुद्यांच्या इतिहासातला, १८ व्या खंडातला येशूविषयीचा उतारा तर जपूनच वापरावा, त्यात नंतर घुसडलेली ख्रिस्ती वाक्यं आहेत, २० व्या खंडातला याकोबाचा उल्लेख जास्त भक्कम.)