खुलासा : फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तने सगळंच खोटं ठरवलं नव्हतं

जळगाव-धुळ्याकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर मेसेज फिरतोय : ‘देकार्तनेही कशावर विश्वास ठेवला नाही, मग कृषी खात्याचा सल्ला का मानायचा?’ हे साफ चुकीचं आहे. १६४१ च्या ग्रंथात देकार्तने संशय घेतला तो पक्का पाया शोधायला. संशय घेणारा मी तरी आहेच, इथे तो पाया त्याला सापडला.

संशय जरूर घ्या. दुकानदार म्हणाला म्हणून कपाशी फवारू नका. कामगंध सापळा (मादीच्या वासाने नर पतंगांना ओढणारा) लावा, रोज सकाळी गुलाबी बोंडअळीचे पतंग स्वतः मोजा. शंभर टक्के खात्री तिथेही मिळणार नाही, पण सलग ३ रात्री सापळ्यात ८-८ पतंग हा फवारणीसाठी पुरेसा पुरावा आहे. त्यानंतरही ‘कशावरून?’ करत बसलात, तर अळी बोंडात शिरते आणि फवारा तिच्यापर्यंत पोचत नाही.