मार्कच्या शेवटच्या अध्यायातील पहिल्या आठ वचनांविषयी: आपल्या प्रतिक्रियेला उत्तर

आदरणीय वाचक,

प्रभू येशूच्या नावाने सप्रेम नमस्कार.

उपवासकाळात मार्ककृत शुभवर्तमानाच्या सोळा अध्यायांवर मी क्रमाने मनन लिहिले आणि शेवटच्या अध्यायात आठव्या वचनापाशी थांबलो. पुढची बारा वचने गाळून मी शास्त्राला कात्री लावली आणि पुनरुत्थित प्रभूचे दर्शन न घडवताच वाचकांना रिकाम्या कबरेपाशी सोडून दिले, असा आपला आक्षेप आहे. त्या मननातले ‘खरे शुभवर्तमान येथेच संपते’ हे वाक्य मी मागे घेतो. ती बारा वचने मंडळी शतकानुशतके वाचत आली आहे, आणि इ. स. १८० च्या सुमारास इरेनियस या प्राचीन बिशपने त्यांतले एकोणिसावे वचन मार्कचे म्हणून दिले आहे. इतक्या जुन्या साक्षीला खोटे ठरवणारा मी कोण?

तरीही थांबलो ते मनमानीने नव्हे. बायबलच्या चौथ्या शतकातील सिनाई आणि व्हॅटिकन या दोन्ही हस्तलिखितांत मार्क आठव्या वचनाशी संपतो. शिवाय नवव्या वचनात मग्दालीया मरीयेची ‘जिच्यातून सात भुते काढली होती ती’ अशी नव्याने ओळख करून दिली जाते. वास्तविक ती वधस्तंभापाशी, दफनाच्या वेळी आणि याच अध्यायाच्या पहिल्या वचनात येऊन गेलेली आहे. हा सांधा मला दिसतो, आणि प्रार्थनेला बसताना तो दिसत नसल्यासारखे करणे मला जमत नाही.

पुनरुत्थान मात्र मी गाळलेले नाही. ‘तो उठला आहे, तो येथे नाही’ ही घोषणा सहाव्याच वचनात आहे. आपल्याला खुपते ते त्यानंतरचे, कबरेपाशी आलेल्या तीन स्त्रियांचे भिऊन पळणे आणि कोणाला काही न बोलणे, असे मला आपल्या पत्रावरून जाणवले. मलाही ते अनेक वर्षे खुपत होते. पहिल्या अध्यायात शुद्ध झालेल्या कुष्ठरोग्याला येशू ‘कोणाला काही सांगू नकोस’ असे बजावतो आणि तो गावभर सांगत सुटतो. येथे ‘जाऊन सांगा’ अशी आज्ञा होते आणि तोंडून शब्द फुटत नाही. माझ्या वडिलांच्या दफनविधीत पाळकांनी पुनरुत्थानाची वचने वाचली तेव्हा त्यांतल्या प्रत्येक शब्दावर माझा विश्वास होता, आणि तरीही घरी परतल्यावर आईशी मी त्यातले एक अक्षर बोलू शकलो नाही. विश्वास नसल्यामुळे मी गप्प होतो, असे मला आजही वाटत नाही. म्हणून त्या तिघींना अविश्वासू म्हणायला माझी जीभ रेटत नाही, आणि त्यांच्यावरून घाईघाईने पुढच्या वचनाकडे जाण्याचीही मला इच्छा होत नाही.

आपण विचारता, अशा मौनात शुभवर्तमान कुठे उरले? सातवे वचन पुन्हा पाहावे, ही विनंती. कबरेतला तरुण म्हणतो की येशूच्या शिष्यांना ‘आणि पेत्राला’ सांगा, तो तुमच्या आधी गालीलात जात आहे, त्याने तुम्हांला सांगितल्याप्रमाणे. हे येशूने सांगितले होते ते चौदाव्या अध्यायात, जैतुनांच्या डोंगरावर, आणि तेही ‘तुम्ही सर्व अडखळाल’ असे म्हटल्यानंतर लगेच. म्हणजे पेत्राने येशूला नाकारण्याआधी आणि शिष्य पळून जाण्याआधी, त्यांचे पळणे हिशेबात धरूनच ते वचन दिलेले होते. ज्या वचनाने पेत्राचे नाकारणे सोसले, ते या स्त्रियांच्या भीतीने मोडेल असे मला वाटत नाही. त्या गप्प राहिल्या तरी तो गालीलाकडे निघालेलाच आहे.

नववे ते विसावे वचन मी स्वतंत्र मननासाठी घेणार आहे. ते आपण वाचावे आणि तेव्हाही असेच मोकळेपणाने लिहावे, ही प्रार्थना.

आपला नम्र,
लेखक